परसातलं खोपटं: टायर, बाटल्या, माती की तुराट्या?

परसदारी | ८ मार्च, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

बार्शीत आमचं घर आहे. मागे वीस बाय पंचवीस फुटांचं परस, त्यात एक जुनं लिंबाचं झाड आणि धुणं धुवायचा दगड. मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेचारचा. सुट्टीत नणंदेची दोन येतात. मग चौघं मिळून बाजेवर माझ्या साड्या टाकून घर करतात, भातुकली मांडतात. रात्री झोपायला बाज लागते म्हणून ते घर मोडावं लागतं आणि त्यावरून रोज रडारड. यंदा त्यांनी आजोबांमार्फत लेखी अर्ज दिलाय: "आम्हाला न मोडायचं घर पाहिजे."

विकतचं प्लॅस्टिकचं घर पाहिलं. इथे मे महिन्यात पारा बेचाळीसला जातो, पोरं आत उकडून निघतील. पत्र्याचं तर नावच नको. सुताराने प्लायचा आकडा सांगितला तेव्हा ह्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

म्हणून हाताशी आहे त्यातच करावं म्हणते. सासऱ्यांचा गावाकडचा वाडा दोन पावसाळ्यांपूर्वी पडला. त्याची पांढरी माती, कडीपाटाच्या फळ्या आणि कोठीचं एक बुटकं दार पडून आहे. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यांकडे जुने टायर आहेत, फुकट देतो म्हणतात. मैत्रिणीच्या शाळेत पाचशेच्या आसपास प्लॅस्टिकच्या बाटल्या जमल्यात. शेतात तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा ढीग आहे. मी व्हिडिओत टायरच्या आणि बाटल्यांच्या भिंती पाहिल्या, फार गोड दिसतात. बजेट दहा हजार, त्यावर एक रुपया नाही. कोणी असलं काही केलंय का? पावसात टिकेल का? पोरांच्या अंगावर पडणार तर नाही?

टवाळखोर_तात्या | ८ मार्च, रात्री ११:५२

पहिला!
एनए झालंय का? आणि तीनचाकी सायकलींना पार्किंग किती सोडलंय ते आधी सांगा, नाहीतर भोगवटा प्रमाणपत्र मिळायचं नाही.

भातुकली_फॅन | ९ मार्च, सकाळी ७:१५

अर्ज वाचून हसू आलं. वाचनखूण साठवली आहे. सल्ला शून्य, कारण मी तिसऱ्या मजल्यावर राहते.

गिलावा | ९ मार्च, सकाळी १०:०५

ताई, बांधकामात वीस वर्षं काढली आहेत म्हणून हक्काने सांगतो, टायर पहिले बाद करा.

टायरमध्ये माती ठोकून भिंत घालायची कल्पना अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या ताओसजवळ मायकल रेनॉल्ड्स यांनी १९७० च्या दशकापासून रुजवली. तिथे पाऊस कमी, जागा भरपूर, घरं मोठी. एकेका टायरात शंभर किलोच्या वर माती घणाने ठोकून बसवतात. ती भिंत दोन-अडीच फूट जाड होते. तुम्हाला सहा बाय चारचं खोपटं करायचं तर आत फक्त टायरच बसतील, पोरं बाहेर. आणि न ठोकता नुसते रचले तर बेचक्यात पाणी साचणार. डेंग्यूच्या डासाला टायरइतकी आवडती जागा दुसरी नाही. त्याची अंडी कोरड्यातही महिनोन् महिने तग धरतात.

बाटल्यांबद्दल दुपारी लिहितो, साइटवर निघालोय.

शाळामास्तर | ९ मार्च, दुपारी १:३०

बाटल्यांना नावं ठेवायच्या आधी माझंही ऐका. आम्ही शाळेत दोन वर्षांपूर्वी बाटल्यांचा बाक केला. बिस्किटांचे, वेफर्सचे पुडे काठीने बाटलीत दाबून भरायचे, घट्ट झाली की वीट तयार. मुलांना कचरा म्हणजे काय ते पाठ्यपुस्तकातून कळलं नव्हतं, त्या बाकातून कळलं. एका बाटलीत किती पुडे जातात बघून पोरं हबकली होती. बाक अजून उभा आहे.

गिलावा | ९ मार्च, दुपारी ३:१०

@शाळामास्तर, बाकाचं कौतुकच आहे. पण बाकावर कोणी फक्त बसतं, भिंतीवर पोरं चढतात. गोल गुळगुळीत बाटलीला माती धरत नाही. ती धरायला जाळी किंवा सिमेंट लागतं, आणि सिमेंट वापरलंत की "हाताशी आहे त्यात" हे संपलं. उन्हात उघडा राहिलेला बाटलीचा भाग काही वर्षांत ठिसूळ होतो. शेवटी घर पाडायची वेळ आली की मातीत मिसळलेलं प्लॅस्टिक परसात पसरतं. नुसत्या मातीचं घर पाडलं तर ती माती वाफ्यात टाकता येते.

शाळामास्तर | ९ मार्च, दुपारी ३:४०

म्हणजे पाचशे बाटल्या परत भंगारात? पोरांनी चार महिने गोळा केल्यात हो.

टवाळखोर_तात्या | ९ मार्च, दुपारी ३:४४

काचेच्या बाटल्या घाला की भिंतीत, रंगीत उजेड येतो म्हणे. मी पुरवठा करू शकतो. फक्त "एवढ्या आल्या कुठून" हे माझ्या घरी कोणी विचारू नये.

डॉ_बाराखडी | ९ मार्च, संध्याकाळी ६:२०

तात्या, चार पोरं आणि एक चेंडू जिथे असतो तिथे काच गुडघ्याच्या उंचीवर नको. टाके मीच घालते, म्हणून सांगते.

नवा_आयडी | ९ मार्च, रात्री ९:००

कमी खर्चात घरं बांधणारे वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांच्या पद्धतीने विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवली तर? रॅट ट्रॅप म्हणतात तिला. साध्या नऊ इंची भिंतीपेक्षा विटा पाव हिश्श्याने कमी लागतात आणि आत गारवा राहतो. तिरुवनंतपुरमला त्यांनी बांधलेलं एक संशोधन केंद्र पाहिलंय, जाळ्यांतून येणारा उजेड विसरत नाही.

गिलावा | ९ मार्च, रात्री ९:२५

पद्धत उत्तमच. पण ताईंकडे विटाच नाहीत. बेकर इथे असते तर म्हणाले असते, दारात माती पडलीय ती उचला.

परसदारी | ९ मार्च, रात्री १०:३०

टायर बाद. मुलाला वाईट वाटलं, त्याला त्यात बसायचं होतं. एक टायर झोक्याला ठेवू का? तळाला भोकं पाडून, म्हणजे पाणी साचणार नाही.

मग वाड्याच्या मातीचंच करते. सासरे म्हणतात, भिंती तर घालूच, वर माळवदही टाकू. तीन फळ्या, वर माती, आपल्याकडे तसंच असतं. उन्हाळ्यात आत गार राहतं हे मात्र खरं.

तेरणाकाठ | १० मार्च, पहाटे ५:१०

मी इथे फारसा लिहीत नाही. "माळवद" वाचलं आणि झोप उडाली.

किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून उशिरा झोपलेले. मी नऊ वर्षांचा. आमचं गाव किल्लारीपासून जरा लांब होतं, म्हणून हे लिहायला उरलोय. मामांचं गाव जवळ होतं.

आमच्याकडे माळवद गळू नये म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी वर चार पाट्या पांढरी माती टाकायचे. जुनी कोणी काढायचं नाही. पणजोबांनी टाकलेली, आजोबांनी टाकलेली, वडिलांनी टाकलेली, सगळी तिथेच. काही घरांवर तो थर दोन फुटांचा झाला होता. खाली भिंती रुंदच्या रुंद, पण दगड-मातीच्या. बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मध्ये खडी-माती भरलेली, आणि दोन्ही पदरांना धरून ठेवणारा लांब दगड कुठेच नाही. हलल्यावर भिंती फुगून फुटल्या आणि वरचं सगळं खाली आलं. जिथे माळवद लाकडी खांबांवर तोललेलं होतं तिथे भिंती पडूनही काही माणसं वाचली, हे मी मामांच्या गल्लीत पाहिलंय.

मातीवर माझा राग नाही. आजही आमच्या शेतातली खोली मातीचीच आहे. पण पोरांच्या डोक्यावर माती ठेवू नका. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि एवढं सांगा.

परसदारी | १० मार्च, सकाळी ८:००

दादा, सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग "माळवद नको" म्हणाले. तेही त्या आठवड्यात तिकडे मदतीला गेले होते, हे मला लग्नाला दहा वर्षं होऊन आज कळलं.

गिलावा | १० मार्च, सकाळी ९:४५

तेरणाकाठ यांनी जे सांगितलं तेच आकड्यांत मांडतो. सहा बाय चारच्या घराची भिंत एकूण वीस फूट. नऊ इंच जाड आणि चार फूट उंच घातलीत तर साठ घनफूट माती झाली, म्हणजे साधारण १.७ घनमीटर. माती दर घनमीटरला १७०० ते १८०० किलो भरते. एकूण तीन टन. मुलांच्या खेळण्याला तीन टन वजन!

तेच कुडाचं, म्हणजे काड्यांच्या विणीवर माती लिंपून केलंत तर दोन इंचांत भागतं, काड्या धरून पाच-सहाशे किलो. कुडाची भिंत लवते, तडकते, पण एकसंध कोसळत नाही.

माडाची_राई | १० मार्च, सकाळी ११:२०

कुड म्हटल्यावर मला यावंच लागलं. आमच्या सिंधुदुर्गात जुन्या घरांच्या आतल्या भिंती कुडाच्याच असायच्या. घाटाखालच्या लोकांचा कुड कारवीचा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग झुडूप वाळतं. काठी सरळ, हलकी, पेनापेक्षा थोडी जाड. माझी आजी सांगायची, दोन्हीकडून दोघींनी समोरासमोर उभं राहून एकदम लिंपायचं, म्हणजे काड्यांच्या फटीतून दोघींच्या हातची माती एकमेकीला भेटते. एकटीने लिंपलेला कुड पापुद्रा सोडतो.

तुमच्याकडे कारवी कुठली, आणि राखीव जंगलातून परस्पर कोणी तोडूही नये. तुराट्या चालतील का ते मराठवाड्यातल्यांनी सांगावं.

तेरणाकाठ | १० मार्च, दुपारी १२:०५

तुराट्यांचाच करतो आम्ही. शेंगा झोडपल्यावर लगेच घेतलेल्या, बुडख्याकडून जाड. पावसात एकदा भिजलेल्या घेऊ नका, त्या मोडतात.

कामटी | १० मार्च, दुपारी ४:३०

आम्ही पिढीजात बुरूड. मी आता नोकरी करतो, पण काका अजून सुपं-टोपल्या विणतात. एक सुचवतो, हसू नका.

कणगी पाहिलीत ना? धान्याची. बांबूच्या कामट्यांची नाहीतर निर्गुडीच्या फोकांची विणतात, आतून-बाहेरून शेणा-मातीने लिंपतात. पुरुषभर उंचीच्या कणग्या आम्ही लहानपणी लपायला वापरायचो. सहा फूट रुंदीची एक गोल कणगी विणून घ्या, बाजूला दार ठेवा, झालं घर! उभ्याला बांबूच्या कामट्या, आडव्या विणीत तुराट्या. गोल असल्यामुळे विणच विणीला धरून ठेवते, कोपऱ्यात खांब लागत नाहीत आणि पोराचं डोकं आपटायला कोपराच नाही.

बांबू मात्र दोन-तीन वर्षं वयाचा घ्या. कोवळा घेतलात तर वर्षात पिठासारखा भुसा गळायला लागतो. काका म्हणतात अंधाऱ्या पक्षात तोडलेला घ्यावा, किडा कमी लागतो. बोरॅक्स आणि बोरिक पावडरच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवला तर पक्ष कुठलाही चालतो. हे काकांना सांगू नका.

भूजचा_पाहुणा | १० मार्च, संध्याकाळी ७:१५

कामटी यांच्या पोस्टवर टाळ्या! कच्छमध्ये पाच वर्षं नोकरी केली. तिथली घरं, त्यांना भुंगे म्हणतात, अशीच गोल, मातीची, वर गवताचं हलकं टोकदार छप्पर. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात बन्नीकडे त्यातले कितीतरी उभे राहिले. भूजच्या चौकोनी दगडी इमारतींचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. आत भिंतीवर मातीचं नक्षीकाम आणि त्यात आरशांचे तुकडे असतात. (आरसे नकोत हो डॉक्टर, माहीत आहे.)

टवाळखोर_तात्या | १० मार्च, संध्याकाळी ७:२०

गोल घरात ईशान्य कोपरा कुठला धरायचा?

कामटी | १० मार्च, संध्याकाळी ७:२२

तुम्ही उभे राहाल त्याच्या विरुद्ध.

सनीव्हेलची_सखू | ११ मार्च, सकाळी ६:५०

इकडे कॅलिफोर्नियात आम्ही मालाच्या लाकडी पॅलेटचं केलं होतं. बांधकामाच्या नियमात १२० चौरस फुटांपर्यंतच्या एकमजली, सुट्या खोलीला परवाना लागत नाही आणि त्या यादीत "प्लेहाउस" हा शब्द चक्क छापलेला आहे. खूश होऊन बांधलं. मग आमच्या वसाहतीच्या समितीचं पत्र आलं: कुंपणावरून छप्पर दिसतं, मान्यताप्राप्त तीन रंगांपैकी एक द्यावा. तिन्ही रंग वरणाचे होते. साधं वरण, आमटी आणि करपलेली आमटी.

पॅलेट वापरणाऱ्यांनी शिक्का बघा. "एचटी" असेल तर लाकूड फक्त तापवलेलं आहे. "एमबी" असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते मुलांजवळ नको.

डॉ_बाराखडी | ११ मार्च, सकाळी ८:१०

सखूने बरं आठवण केली. परसदारी, ते कोठीचं दार रंगवलेलं आहे का? जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली, वाड्याचं दार त्याच्या कितीतरी आधीचं. कोरडं घासू नका, धूळ पोटात जाते. ओलं करून, तोंडाला फडकं बांधून, पोरांना लांब पाठवून खरवडा. जुना सिमेंटचा पत्राही कापू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं.

आणि तुराट्यांचा ढीग घराला टेकवून ठेवू नका. विंचू.

गिलावा | ११ मार्च, सकाळी १०:००

कणगी पक्की होत असेल तर तीन गोष्टी.

एक, बार्शीची जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, वरचं घर डोलतं. दीड फूट खोदून काळी माती बाहेर काढा, मुरूम भरून पाणी मारून चोपा, वर फूटभर दगडी जोतं. काळ्या मातीने लिंपायचं तर मनातही आणू नका.

दोन, वाड्याची माती आणाल ती भिंतीच्या वरच्या भागातली. खालच्या दोन हातांत लोणा (खार) चढलेला असतो, ती माती लिंपली की दर पावसाळ्यात पांढरी फुलं येऊन पोपडे पडतील. उरलेली काचेच्या बरणीत पाणी घालून हलवून पाहा. रेती मिनिटाभरात खाली बसते, चिकणमातीला दिवस लागतो. चिकणमाती पाव हिश्श्यापेक्षा फार जास्त दिसली तर रेती मिसळा.

तीन, छपराची वळचण दीड-दोन फूट बाहेर काढा. मातीच्या भिंतीला वरून पडणाऱ्या पावसापेक्षा जोत्यावरून उडणारे शिंतोडे जास्त खातात.

ओसरी | ११ मार्च, दुपारी १२:४०

अवांतर: हे सगळं वाचून दिवाळीचा किल्ला आठवला. तोही परसातच, पोतं, विटांचे तुकडे आणि चिखल. बुरुजावर हळीव पेरायचो, आठ दिवसांत जंगल. एके वर्षी आमच्या किल्ल्यात मांजर व्याली आणि भाऊबीज होऊन गेली तरी कोणी किल्ला मोडू दिला नाही.

टवाळखोर_तात्या | ११ मार्च, दुपारी १२:४५

आमच्या किल्ल्यावर मावळे कमी पडले म्हणून क्रिकेटवीर उभे केले होते. तटावरून लेग स्पिन.

ओसरी | ११ मार्च, दुपारी १२:५१

आमच्याकडे गवळण हत्तीपेक्षा मोठी होती.

उसाचं_रान | ११ मार्च, रात्री ११:३०

धागा सकाळपासून वाचतोय. लिहू की नको करत होतो.

तुम्ही सगळे ज्याला खोपटं म्हणताय त्यात मी दहावीपर्यंत दरवर्षी पाच-सहा महिने राहिलो. आईवडील ऊसतोडीला जायचे, कारखान्याजवळ कोपी घालायचो. कामट्या वाकवून जमिनीत रोवायच्या, वर पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला, त्यावर मेणकापड. सात माणसं. हे कुणाला टोचावं म्हणून सांगत नाही, छपराचा विषय निघाला आणि मला ते काम येतं म्हणून लिहितो.

पाचट घ्या, तुमच्याकडे फुकट मिळेल. मुठी-मुठीच्या पेंढ्या बांधा, शेंडा खाली, वळचणीपासून वर चढत जा. दुसरी ओळ पहिलीच्या निम्म्यावर यायला पाहिजे. उतार चांगला उभा ठेवा, आडवं पाचट कुजतं. टोकाला जिथे सगळ्या पेंढ्या मिळतात तिथे गळतं, तिथे फुटकं मडकं उलटं घाला.

आणि आत कधीही, खेळातलीसुद्धा, पेटती चूल नाही. दिवाळीत पणती नाही. आमच्या शेजारची कोपी पेटली तेव्हा भाकरीचं पीठ मळलेलं होतं, ते थापायच्या आत सगळं खाली बसलं. माणसं वाचली, कपडेसुद्धा राहिले नाहीत.

परसदारी | १२ मार्च, सकाळी ७:३०

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पाचटाचंच करते, तुम्ही सांगितलं तसंच. चूल मातीची, खोटी, फुंकणीसकट. काडेपेटी माझ्या कपाटात कुलपात.

शाळामास्तर, पाचशे बाटल्यांचं ठरलं: वाळू भरून परसातल्या वाफ्यांना कडा करते. भिंतीत नाहीत, कचऱ्यातही नाहीत.

शाळामास्तर | १२ मार्च, सकाळी ८:०५

मान्य. पण पोरांना फोटो दाखवायला हवेत.

परसदारी | १९ मे, दुपारी २:१५

मंडळी, घर उभं राहिलं! उशीर झाला, कारण जोत्यातच पंधरा दिवस गेले.

बुरूडकाका गावातलेच मिळाले. काम सांगितल्यावर म्हणाले, "एवढी मोठी कणगी? धान्य कुठंय?" पोरांकडे बोट केलं. त्यांनी दोन दिवसांत विणली, परसातच, कारण घरात विणली असती तर दारातून बाहेर निघाली नसती. विणताना मुलगी शेजारी बसून कामट्या मोजून देत होती. "पाठ वर, पोट आत" हे ती आता मला शिकवते. बांबूची हिरवी बाजू म्हणजे पाठ.

मातीने घाम काढला. बरणीत रेती निम्म्याहून कमी बसली, म्हणून दोन घमेली मातीला एक घमेलं रेती धरली. त्यात गव्हाचं काड बारीक तोडून आणि शेण, आणि आठ दिवस भिजत घातलं. तिसऱ्या दिवशी जो वास सुटला त्याने शेजारच्या काकूंनी "काही मेलंय का" म्हणून चौकशी केली. आठव्या दिवशी वास गेला आणि माती लोण्यासारखी झाली. चार पोरं गारा तुडवायला उतरली. पाय आत गेला की "चप्" आणि काढताना "फस्स". धाकट्याने त्याचं गाणं केलं. नंतर एका पोराची चड्डी त्यात सापडली, ती कोणाची ते अजून कोणी कबूल केलेलं नाही.

लिंपायला माडाची_राई यांनी सांगितलं तसं मी आत, सासूबाई बाहेर. खरंच हातांना हात लागतात काड्यांमधून! पहिला हात वाळताना भेगा पडल्या, बोट जाईल एवढ्या. घाबरून गिलावांना निरोप टाकला, ते म्हणाले पडू देत, दुसरा पातळ हात त्या भेगांनाच धरतो. तसंच झालं. वाळताना वर ओली पोती टांगली होती, नाहीतर इथल्या उन्हाने आणखी फाडली असती. वरून शेणाचं सारवण, दाराभोवती चुन्याची बोटं. चुना सासऱ्यांनीच लावला, पोरांना हात लावू दिला नाही.

दारातून मी वाकून जाते, सासूबाई जात नाहीत. आत एक देवळी ठेवली आहे, तिच्यात मुलाने त्याचे दोन पडलेले दात ठेवलेत. बाहेर बेचाळीस असताना आत मातीवर पाठ टेकली की थंड लागतं.

खर्च एकूण नऊ हजार दोनशे. निम्मे बुरूडकाकांचे. त्यांनी कमी सांगितले होते, सासऱ्यांनी जास्त दिले.

टवाळखोर_तात्या | १९ मे, दुपारी २:२०

उरलेल्या आठशेत लिफ्ट बसवा.

तेरणाकाठ | १९ मे, रात्री ९:००

छान झालं ताई. छपराकडे बघून बरं वाटलं.

परसदारी | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४०

धागा वर काढतेय, तक्रार घेऊन आले आहे.

पावसाळा निभावला. एकदाच गळलं, टोकाला, कारण फुटकं मडकं घालायचं राहिलं होतं. उसाचं_रान, तुम्ही बजावलं होतं. आता घातलं. पश्चिमेकडचा सारवणाचा हात धुऊन गेला, तो पुन्हा लिंपू.

भातुकली मात्र दोन आठवड्यांतच बंद पडली. आता तिथे सेवा केंद्र चालतं. खिडकीतून उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डात नाव घालणे. मुलगी साहेब, मुलगा शिपाई. माझा दाखला तीन वेळा परत आला, "झेरॉक्स जोडा" म्हणून. चौथ्यांदा गेले तर सर्व्हर डाउन.

तर तक्रार अशी: परवा आतल्या बाजूला, जोत्यापासून वर चढणारी मातीची बारीक नळी दिसली. बोटाने मोडली तर आत पांढऱ्या वळवळत्या. वाळवीच ना? औषध पोरांच्या घरात मारायचं नाहीये. काय करू?

कामटी | १४ सप्टेंबर, रात्री ८:१५

वाळवीच. नळ्या रोज मोडत राहा, तोवर बांबूपर्यंत पोचली का बघा. टिचकी मारा, बद्द आवाज आला तर पोचली.

परसदारी | १४ सप्टेंबर, रात्री ८:४०

टिचकी मारली. खणखणीत आहे. एका तुराटीचा आवाज बद्द येतोय.

गिलावा | १५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

जोतं फूटभर आहे, ते ओलांडून सहज यायला नको होती. बाहेरच्या बाजूने भिंतीला कुठे माती टेकली आहे का ते बघा. जोत्यावर माती चढली की वाळवीला जिनाच मिळतो.

परसदारी | १५ सप्टेंबर, सकाळी १०:१०

सापडलं! मागच्या बाजूला पोरांनी गोकर्णाचा वेल लावायला भिंतीशी ढीगभर माती ओढलीय. आपल्या त्या बाटल्यांची कड सुद्धा लावलीय, शाळामास्तर. ढीग जोत्याच्या वर गेलाय.

गिलावा | १५ सप्टेंबर, सकाळी १०:१५

तोच जिना. आजच हलवा, वेल हातभर लांब लावा. ती एक तुराटी कापून नवी सरकवा आणि त्या जागी पुन्हा लिंपा.

परसदारी | १५ सप्टेंबर, सकाळी १०:५०

माती हलवायची तर अर्ज करावा लागेल म्हणे. केलाय. सर्व्हर डाउन आहे, उद्या या.